परगावचा सामना

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बॉस्टनच्या पश्चिमेला राहणारे एक गृहस्थ, वय ४९, मूळचे सांगलीचे. २००४ च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी अमेरिकेत आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बॉस्टनच्या बेसबॉल संघाच्या, रेड सॉक्सच्या, नादी लागले, ते कायमचे. सामने टीव्हीवर बघतात, वर्षातून दोन-तीनदा संघाच्या घरच्या मैदानावर, फेनवेला, जातात. बऱ्याच वर्षांची इच्छा अशी की एका उन्हाळ्यात संघाच्या मागोमाग परगावी जावं, निदान पाच-सहा शहरं करावीत. पंधरा वर्षांची मुलगी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून स्कोअर लिहायची, आता खोलीचं दार लावून असते. 'हे सगळं तिच्यासाठी करायचंय,' असं ते लिहितात. पत्नी म्हणतात, दुसऱ्यांच्या गावात पैसे देऊन शिव्या खायला कशाला जायचं? तीन आठवड्यांची रजा दर डिसेंबरात सांगलीला जाण्यात संपते. आई ७८ वर्षांच्या आहेत, पहाटे चारला उठतात आणि प्रत्येक फोनवर 'कधी येताय?' विचारतात. त्यांच्या वाट्याची रजा बेसबॉलवर घालवणं आप्पलपोटेपणाचं आहे का, आणि परक्या गर्दीत मुलीला नेणं बरं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय वाचक,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी मला त्यात मुलगी, आई, पत्नी आणि रजेचा हिशेब दिसला. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की चार पानांत 'मला जायचंय' असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. मुलीसाठी जायचंय, तिच्याशी बोलणं व्हावं म्हणून जायचंय, तिला देश दिसावा म्हणून जायचंय. पण दीड पान तुम्ही २००४ च्या त्या रात्रीबद्दल लिहिलंय. कोजागिरीची पौर्णिमा, वर खग्रास चंद्रग्रहण, भाड्याच्या घरात तुम्ही चौघं, आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून रडतायत, कारण १९१८ नंतर, तब्बल ८६ वर्षांनी, त्यांच्या संघानं विजेतेपद मिळवलं होतं. त्या पानावर तुमची मुलगी नाही, तिचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तिथं फक्त तुम्ही आहात.

आपल्याकडे घर चालवणाऱ्या माणसाला स्वतःसाठी काही मागायची सवय नसते. हवं ते मुलांच्या नावावर मागायचं. यात तुमची चूक आहे असं मी म्हणत नाही, मीही असंच करत आले. पण मुलीच्या बाजूनं बघा. पंधरा वर्षांच्या पोरीला सांगितलं की हा प्रवास, ही तिकिटं, हा खर्च सगळा तुझ्यासाठी, की त्या तीन दिवसांत तिनं आनंदी असणं हे तिच्यावर कामच होऊन बसतं. ती कंटाळली तर तुमचं मन मोडतं, आणि ते तिला तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. उलट 'मला जायचंय, खूप वर्षांपासून जायचंय, तू आलीस तर मला आवडेल' असं म्हटलंत, तर तिला नाही म्हणता येतं. नाही म्हणता येत असेल तरच तिच्या हो म्हणण्याला काही अर्थ आहे.

आता पत्नींचा मुद्दा. तुम्ही तो पैशाचा मुद्दा समजून सगळं उत्तर पैशात दिलंय. त्यात एक प्रश्न मात्र खरा आहे, फेनवे जवळ असताना परगावी का जायचं? याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, तुमच्या लक्षात आलेलं नाही इतकंच. २७ ऑक्टोबर २००४ चा तो सामना बॉस्टनमध्ये झालाच नव्हता, तो सेंट लुईसला झाला. त्याच्या आदल्या आठवड्यात न्यू यॉर्कच्या यांकीज संघाविरुद्धच्या मालिकेत तीन-शून्य असे मागे पडून रेड सॉक्सनी ओळीनं चार सामने जिंकले. बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमध्ये, तोवर असं कुणी केलं नव्हतं. त्या चारांतले शेवटचे दोन सामने न्यू यॉर्कला, यांकीजच्या मैदानावर झाले. २००७ चं विजेतेपद डेन्व्हरला मिळालं, २०१८ चं लॉस एंजेलिसला. तुमच्या काळातल्या चार विजेतेपदांपैकी फेनवेवर मिळालं ते एकच, २०१३ चं. एका हंगामात संघाचे १६२ सामने असतात, त्यातले ८१ परगावी. म्हणजे तुमच्या संघाचं निम्मं आयुष्य तुम्ही फक्त पडद्यावर पाहिलंय.

आणि मैदानात बसून जे दिसतं ते पडद्यावर दिसत नाही. माझे आजोबा कोल्हापूरकडचे, कुस्तीचे नादी. खासबागेतली कुस्ती ते कधी चुकवत नसत. (खासबाग मैदान १९१२ चं आणि तुमचं फेनवेही १९१२ चं, हे मला कळलं तेव्हा उगाचच आनंद झाला होता.) पण आजोबा रंगून सांगायचे ते परगावच्या जत्रांमधल्या फडांबद्दल. आपल्या तालमीचा पोरगा कर्नाटकच्या हद्दीवरच्या एखाद्या गावात हौद्यात उतरतो, हलगी त्यांची, पंच त्यांचे, भोवतीचे हजारभर लोक त्यांचे, आणि आपण कोपऱ्यात भाकरीचं गाठोडं घेऊन सातजण. 'तिथं पोरगा कसा उभा राहतो ते बघायचं असतं,' असं ते म्हणायचे. घरच्या फडात लोकांचा आवाजच पैलवानाला उचलून धरतो, बाहेर तो आवाज नसतो.

बेसबॉलमध्येही हे अगदी डोळ्यांनी दिसतं. मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं फिलाडेल्फियाजवळ राहते, माझा संघ फिलीज. परगावी गेल्यावर पहिली गोष्ट कळते ती शांततेची. आपल्या खेळाडूनं होम रन मारला, म्हणजे चेंडू कुंपणापार धाडला, की घरी छप्पर उडतं. तिथं चाळीस हजार माणसं गप्प होतात आणि त्या शांततेत आपल्या खेळाडूंचे डगआउटमधले (मैदानाकडेच्या त्यांच्या बैठकीतले) आवाज ऐकू येतात. टीव्हीवर ती शांतता कधीच पोचत नाही, समालोचक बोलत असतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. यजमान संघ बॅटिंगचा सराव आधी उरकतो आणि पाहुणा संघ नंतर करतो. दारं साधारण दीड तास आधी उघडतात. म्हणजे लवकर आत गेलं तर सराव दिसतो तो पाहुण्यांचा. परगावी जाणाऱ्याला आपला संघ असा घरच्यापेक्षा जवळून मिळतो. त्या वेळी रेलिंगपाशी तुमच्या मुलीच्या वयाची पोरं बॉल आणि मार्कर घेऊन उभी असतात, आणि दूरवरून आलेली आपली जर्सी बघून खेळाडू थांबतातही.

पत्नींना हे सांगा, पण त्याआधी त्यांना एक विचारा: वीस वर्षं ऑक्टोबर आला की त्या घरात एकट्या असल्यासारख्या होत्या का? 'पैसे देऊन शिव्या' हे वाक्य मला नुसतं काटकसरीचं वाटत नाही. तुम्ही तीन दिवस स्वतःसाठी मागत असाल तर त्यांचे तीन दिवस कुठले आणि कशाचे, हेही त्याच बैठकीत ठरू द्या. ते बेसबॉलचे असायला हवेत असं नाही.

आता रजा, आणि तुमच्या आई. तुम्ही पाच-सहा शहरं एका उन्हाळ्यात मांडलीत आणि मग सांगलीची रजा मोडावी लागेल म्हणून अपराधी झालात. पण शहरं पाच-सहाच का? मला वाटतं ही यादी टीव्हीवर वेळापत्रक बघता बघता वाढत गेली आहे. संघामागे दहा दिवस हिंडणं म्हणजे विमानतळ, हॉटेल, सामना, झोप, पुन्हा विमानतळ. खेळाडूंना ते करावं लागतं, त्यांचं सामान दुसरे उचलतात. तुम्ही एक शहर आणि एक सिरीज, म्हणजे एकाच गावी ओळीनं होणारे सामने, धरा, बस्स. बहुतेक सिरीज तीन सामन्यांच्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच शुक्रवार ते रविवार असतात. शुक्रवारची एक रजा, फार तर सोमवारची दुसरी. डिसेंबरातले फार तर दोन दिवस कमी होतील. तुम्ही आईच्या वाट्याचं फारसं काही घेत नाही आहात, हे आधी कागदावर मांडून स्वतःला दाखवा.

आणि शहर? मी बॉल्टिमोर म्हणेन. न्यू यॉर्क नाही, निदान पहिल्या वेळी नाही. रेड सॉक्स आणि बॉल्टिमोरचा संघ ओरिओल्स एकाच गटात आहेत. २०२३ पासूनच्या वेळापत्रकात गटातल्या प्रत्येक संघाशी वर्षाला १३ सामने असतात, म्हणजे तुमचा संघ बॉल्टिमोरला सहसा दोनदा जातो. एक तारीख हुकली तर दुसरी आहे. तिथलं मैदान, कॅम्डन यार्ड्स, १९९२ मध्ये उघडलं आणि त्यानंतर देशभर जी जुन्या वळणाची विटांची मैदानं झाली त्यांनी याचाच कित्ता गिरवला. उजव्या बाजूला रेल्वेचं लांबच लांब जुनं गोदाम आहे, त्याच्या आणि मैदानाच्या मधल्या गल्लीतून लोक हिंडतात. बॉस्टनहून ॲमट्रॅकची थेट रेल्वेगाडी आहे, सात-आठ तास धरा. विमानानं गेलात तर विमानतळापासून लाइट रेल मैदानाच्या दाराशी सोडते, गाडी भाड्यानं घ्यायला नको. आणि मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर बेब रूथ या विख्यात खेळाडूचं जन्मघर आहे, आता तिथं संग्रहालय आहे. ज्याला रेड सॉक्सनी यांकीजना विकलं आणि मग २००४ पर्यंत ज्याच्या नावानं बोटं मोडली, तो या एवढ्याशा घरात १८९५ मध्ये जन्मला. तुमच्यासारख्या माणसाला तिथं उभं राहून काय वाटेल ते मी कशाला सांगू!

परक्या गर्दीबद्दल तुमची काळजी रास्त आहे, पण तिच्यामागे एक गृहीत आहे की परगावची गर्दी म्हणजे शत्रू. बॉल्टिमोरला तर तुम्ही एकटे नसाल. फेनवे लहान, तिकिटं महाग, त्यामुळे बॉस्टनचे लोक तिथं इतक्या संख्येनं जातात की ओरिओल्सवाल्यांना त्याचा वैताग येतो. यांकी स्टेडियमचा धसका तुम्ही घेतलाय, तर एक आठवण देते. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. दुसऱ्याच दिवशी यांकीजनी आपल्या मैदानावर फेनवेचं आठव्या इनिंगमधलं (नऊ डावांपैकी आठव्या डावात वाजणारं) 'स्वीट कॅरोलाइन' हे गाणं लावलं आणि न्यू यॉर्कच्या लोकांनी ते म्हटलं. हाच तो गाव, ज्याच्या शिव्यांना तुम्ही भिताय.

तरीही बाप म्हणून खबरदारी घ्यायचीच. दारू चढलेला माणूस कुठल्याही मैदानावर भेटू शकतो. मी सुरुवातीला दबकून असायची, आपला रंग, आपले उच्चार, कुणी काही बोलेल का. माझा अनुभव असा की टोमणे आले ते माझ्या टोपीला आले, आणि बहुतेक वेळा त्यानंतर गप्पा झाल्या. सगळ्यांना असाच अनुभव येईल याची हमी मी देत नाही. म्हणून दुपारचा सामना निवडा, त्याला कुटुंबं जास्त येतात. आउटफील्डमागची, म्हणजे मैदानाच्या दूरच्या टोकाची, बाकं टाळा, पाहुण्या डगआउटच्या मागची बाजू घ्या, तिथं आपलेच लोक असतात. बॉल्टिमोर आणि न्यू यॉर्कला ती तिसऱ्या बेसची बाजू, फलंदाजाच्या मागून बघितलं तर डावी. टोरोंटोला आणि शिकागोला कब्ज संघाच्या मैदानावर पाहुणे पहिल्या बेसकडे, उजवीकडे, बसतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी नकाशा बघा. शेजारचा त्रास देऊ लागला तर वाद घालू नका, सरळ अटेंडंटला सांगा, जागा बदलून मिळते.

पावसाचं मात्र मी कळकळीनं सांगते, कारण मी त्यात पोळले आहे. काही वर्षांपूर्वी एकाच सामन्यासाठी आम्ही पाच तास गाडी चालवत गेलो. तीन तास ताडपत्रीकडे बघत बसलो आणि सामना रद्द झाला. तिकीट फुकट जात नाही, पुढच्या बदली सामन्याला ते चालतं. पण तो सामना सप्टेंबरातल्या मंगळवारी होता, आम्ही कुठून जाणार? तेव्हापासून मी एका सामन्यासाठी कधी जात नाही. तीन दिवस त्या गावात असलं की एक धुऊन गेला तरी दोन उरतात. पाच इनिंग पुऱ्या झाल्यावर पाऊस आला तर सामना पूर्ण धरला जातो आणि तिकिटाचाही हिशेब तिथंच संपतो, हे लक्षात असू द्या. पावसाची जोखीम अजिबात नको असेल तर सरकतं छप्पर असलेली मैदानं आहेत. टोरोंटोचं १९८९ पासून आहे, तिथं जाताना पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड जवळ ठेवा.

तुम्ही एका विशिष्ट पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बघायचं ठरवून तारीख धरणार असं लिहिलंय. ते महिनाभर आधी होत नाही. सुरुवातीचा पिचर पाच-सहा दिवसांनी एकदा येतो, आणि एका पावसानं किंवा एका दुखऱ्या खांद्यानं सगळा क्रम सरकतो. नावं नक्की होतात ती दोन-चार दिवस आधी. तसंच सिरीजच्या शेवटच्या दुपारी संघ पुढच्या गावी निघायचा असतो, त्या दिवशी बड्या खेळाडूंना विश्रांती देतात. तुमचा मुख्य सामना शुक्रवार किंवा शनिवारचा धरा, रविवारचा वरकड.

इतर वाचकांनीही या सदरासाठी असंच विचारलेलं आहे, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन भागातल्यांना एकाच रेल्वेमार्गावर, बॉस्टन सोडलं तरी, पाच संघ आहेत, त्यांनी विमानाचा विचारच करू नये. शिकागोकरांना मिलवॉकी दीड-दोन तासांवर, वर छप्पर, आणि कब्जचे लोक तिथं अर्धं मैदान व्यापतात. सिएटलकरांना मात्र जवळचं गाव नाही, त्यांनी कामाच्या प्रवासाला सामना जोडावा हेच बरं.

डब्याचं विसरत होते. फेनवेत बाहेरचं खाणं नेता येत नाही, कॅम्डन यार्ड्सला येतं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बंद बाटलीतलं पाणी, मऊ पिशवीत. बॅगेचे नियम प्रत्येक मैदानाचे वेगळे आणि बदलते असतात, निघण्याआधी त्या संघाच्या पानावर बघून घ्या. शाकाहारी माणसाची मैदानावर जी उपासमार होते ती यानं टळते.

मुलगी आली तर तिला सामन्याच्या बाहेरचा सगळा दिवस ठरवू द्या. मत्स्यालय म्हणो, दुकानं म्हणो, नुसतं हॉटेलात झोपणं म्हणो. तिनं हेडफोन घातले तर घालू द्या. पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ, आल्यापासून सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतो, तेवढं तिला जड जाणार नाही. राष्ट्रगीत सुरू झालं की बॉल्टिमोरचे लोक एका ओळीत अचानक सगळे मिळून 'ओ!' असं ओरडतात, ते तिला आधी सांगू नका. तिनं दचकून तुमच्याकडे बघितलं तर तेवढ्यानंही तुमची बरीच बोलणी सुरू होतील. स्कोअर लिहायची वही न्या, दोन पेन्सिली न्या. दुसरी पेन्सिल तिच्या हातात देऊ नका, दोन खुर्च्यांच्या मध्ये ठेवा.

ती आली नाही तर एकटे जा. तिकीट रद्द करू नका.

आणि एक करा. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता तिथं सामना सुरू होतो तेव्हा सांगलीत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. तुमच्या आई तेव्हा उठलेल्या असतात, चहाचं आधण ठेवत असतील. त्यांना व्हिडिओ कॉल लावा. मैदान दाखवा, गोदाम दाखवा, कुठला संघ आपला ते सांगा. 'कधी येताय?' असं त्या विचारतीलच. डिसेंबरची तारीख त्यांना तिथूनच सांगा.

तुमची
सदरलेखिका